मुलांचा घसा आणि हृदयाची झडप

घसा दुखणे ही घरोघरची तक्रार. पावसाळा लागला किंवा थंडी पडू लागली की प्रत्येक वस्तीत चार-दोन मुले घसा धरून बसलेली दिसतात. अशा वेळी पालकांकडून दोन टोकांच्या गोष्टी होताना आम्ही पाहतो. काही घरांत 'चिंचा-बोरे खाल्ली म्हणून झाले, जाईल आपोआप' असे म्हणून दुखणे सोडून दिले जाते. तर काही घरांत औषधाच्या दुकानातून परस्पर चार कॅप्सूल आणून मुलाला दिल्या जातात. धोका दोन्हींत आहे. तो समजावा, म्हणून हा लेख.

मुलांचा घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो. नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो, कधी डोळेही लाल होतात. हे दुखणे आठवडाभरात शरीर स्वतःच बरे करते. पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. तरीही ती दिली, तर मुलाला जुलाब होतात आणि अंगातील जंतू त्या औषधाला सरावतात. म्हणून डॉक्टरांनी 'गोळीची गरज नाही' असे सांगितले, तर त्यांच्यावर नाराज होऊ नये.

परंतु साधारणपणे दर चार-पाच दुखऱ्या घशांमागे एक घसा वेगळा असतो. तो स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे दुखतो. 5 ते 15 वर्षांच्या मुलांत हा विशेष आढळतो आणि लहान खोलीत दाटीने झोपणाऱ्या भावंडांत लवकर पसरतो. ताप अचानक चढतो, गिळताना फार दुखते, टॉन्सिल लाल होऊन त्यांवर पांढरे ठिपके दिसतात, जबड्याखाली दुखऱ्या गाठी लागतात. मात्र सर्दी-खोकला सहसा नसतो. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. डॉक्टर लक्षणे पाहून व शक्य असेल तेथे घशातील स्राव तपासून निर्णय घेतात.

घसा तर पाच-सहा दिवसांत बरा होतो, मग एवढी काळजी कशाला? कारण खरा घाला नंतर पडतो. जंतूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली शक्ती काही मुलांत चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या तो उतरून घोटा सुजतो. घरची मंडळी म्हणतात, 'वाढीचे वय आहे, हाडे दुखतात.' सांधे पुढे पूर्ण बरे होतात, पण हृदयाची झडप कायमची खराब होऊ शकते. यास संधिवाताचा ताप किंवा ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात. झडपेचे दुखणे कित्येक वर्षे मुके राहते. जिना चढताना धाप लागते तेव्हा, किंवा मुलगी सासरी जाऊन गरोदर राहते तेव्हा, ते उघडकीस येते. मग शस्त्रक्रिया, आयुष्यभराच्या गोळ्या, आणि घरातले कमावते माणूस बसले तर संसारच बसतो.

हे टाळणारे औषध जुने व स्वस्त आहे. पेनिसिलिनचा शोध 1928 साली लागला आणि आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात ते 1955 पासून तयार होऊ लागले. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाले, तरी संधिवाताचा ताप टळू शकतो. पेनिसिलिनच्या किंवा अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या मात्र पूर्ण दहा दिवस द्याव्या लागतात. येथेच घोडे अडते. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल खेळू लागते आणि उरलेल्या गोळ्या 'धाकट्याला होतील' म्हणून फळीवर ठेवल्या जातात. ताप गेला तरी जंतू घशातच असतात! दहा दिवस जमणार नसतील तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. लांब टिकणाऱ्या पेनिसिलिनचे एकच इंजेक्शनही चालते. पूर्वी या औषधाने पुरळ किंवा धाप आली असेल, तर तेही आधी सांगावे.

घरी कोमट मीठपाण्याच्या गुळण्या, पातळ पेज, भरपूर पाणी यांनी आराम पडतो. मध चालतो, पण एक वर्षाखालील बाळाला नाही. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन मुलांना आपणहून देऊ नये. 'पडजीभ पडली' म्हणून बोट घालून ती दाबण्याचा प्रकार काही ठिकाणी अजून चालतो, तो बंद झाला पाहिजे.

मुलाला थुंकीही गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, तोंड उघडत नसेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल, तर गुळण्यांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. घशात राखाडी पापुद्रा दिसल्यास घटसर्पाची शंका घ्यावी. त्याची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते, पण पाचव्या-सहाव्या वर्षीचा डोस पुष्कळ पालक विसरतात.

ज्या मुलाला एकदा संधिवाताचा ताप येऊन गेला, त्याला तो पुन्हा येण्याची भीती मोठी असते. अशा मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन कित्येक वर्षे घ्यावे लागते. मूल धडधाकट दिसते, सुई दुखते, शाळा बुडते; म्हणून खाडे होतात. शाळांतून 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत या हृदयरोगाचाही समावेश आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, आणि गुडघे सुजून गेले असतील तर ते पथकातील डॉक्टरांना आवर्जून सांगावे.