फासे सुटले, पुढे काय?

मैत्रिणींनो, आपल्या वऱ्हाडातल्या फासेपारध्यांची शिकार मोठी युक्तीची. बांबूच्या काड्यांना फासे बांधायचे, पिंजऱ्यातल्या पाळीव तितराला ओरडू द्यायचं. त्याच्या आवाजावर रानातले तितर आले की अडकले! अकोल्याकडच्या एका बेड्यावर आजींनी मला हे हातवारे करून सांगितलं. "गाभण हरणी सापडली तं सोडून देत होतो माय," त्या म्हणाल्या.

इंग्रजांनी मारलेला गुन्हेगार जमातीचा शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला, संशय उरलाच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आली. रान वाचायलाच हवं. पण चुलीचं काय? अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चवाळ्याला मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने २०१२ मध्ये 'प्रश्नचिन्ह' ही आश्रमशाळा काढली. पारध्यांची लेकरं शिकू लागली.

दारी पारधीण आली की अजूनही घरोघरी आधी कडी लागते. ती कडी तर आपल्याच हातात आहे ना!