कोरडा हस्त : ऊस, कडबा आणि गोठा



आपल्याकडे पावसाचा हिशेब मृगापासून धरण्याची रीत आहे. मृग बरा झाला, आर्द्रा-पुनर्वसूने हात दिला, की वर्ष निघाले असे आपण म्हणतो. परंतु सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव, सांगलीचा पूर्वभाग या पट्ट्यात शेतकऱ्याचे वर्ष खरे ठरते ते उत्तरा, हस्त आणि चित्रा या नक्षत्रांवर. १३ सप्टेंबरच्या सुमारास उत्तरा लागते, २७ च्या सुमारास हस्त आणि १० ऑक्टोबरच्या आसपास चित्रा. मोसमी वारे परत फिरतात तेही याच दिवसांत. सोलापूरकडे तर सप्टेंबर हाच वर्षातला सर्वांत जास्त पावसाचा महिना असतो. हा परतीचा पाऊस चुकला तर आधी कितीही पडलेला असो, विहीर पौषातच तळ दाखवते.

अशाच एका कोरड्या हस्तात गटकचेरीत एक जुने सभासद भेटले. त्यांना सगळे आबा म्हणतात. म्हणाले, "साहेब, ऊस तर झकास गोड लागतोय. यंदा उतारा चांगला पडंल. मग तुम्ही लोकं तोंड पाडून का बसलाय?" आबांचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्यात एक गफलत आहे आणि ती पुष्कळांची होते, म्हणून हे लिहितो.

ऊस पिकतो, म्हणजे त्यात साखर भरते, ती वाढ थांबल्यावर. त्याला कोरडी हवा आणि थंड रात्री लागतात. डिसेंबर-जानेवारीत हे दोन्ही मिळते म्हणून तेव्हा उतारा चढतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाण्याची ओढ बसली की हीच क्रिया अवेळी सुरू होते. ऊस वाढायचे सोडून देतो, रस घट्ट होतो आणि चाखून पाहिला तर गोड लागतो. पण ही गोडी वजन खाऊन आलेली असते. उसाच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असते हे विसरू नये. काट्यावर पैसे मिळतात ते वजनाचे, आणि उताऱ्याचा हिशेब अख्ख्या कारखान्याचा एकत्र होतो. तुमच्या एकट्याच्या फडाला ताण बसून आलेली गोडी सगळ्यांत वाटली जाते, घटलेले टनेज मात्र तुमचे एकट्याचे!

खात्री करायची असेल तर फडात जाऊन एक ऊस उपटा आणि बुडापासून कांड्या पाहत वर या. जोमाच्या वाढीत ऊस महिन्याला साधारण दोन-तीन कांड्या टाकतो. ज्या महिन्यात पाणी कमी पडले त्या महिन्याच्या कांड्या आखूड राहतात, पेरे जवळ जवळ येतात. नंतर पाणी पाजले तर वरच्या नव्या कांड्या लांबतील, पण आखडलेली कांडी पुन्हा लांबत नाही. मे महिन्यात कधी पाळी चुकली आणि ऑक्टोबरात कधी, हे सगळे उसावर नोंदलेले असते. आमच्या चिटबॉयच्या वहीपेक्षा ही नोंद पक्की!

आता सगळ्या उसाला हा ताण सारखा बाधत नाही. गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस ऑक्टोबरात चौदा-पंधरा महिन्यांचा असतो. त्याची वाढ बहुतेक झालेली असते, त्याला थोडी ओढ बसली तरी फार बिघडत नाही. जानेवारी-फेब्रुवारीतली सुरू लागण आणि त्या सुमाराचा खोडवा हे आठ-नऊ महिन्यांचे, ऐन वाढीत सापडतात. त्यांचे टनेज जाते. आणि सर्वांत जास्त नुकसान होते ते या वर्षीच्या नव्या आडसालीचे. ती दोन-तीन महिन्यांची असते, फुटवे धरण्याच्या बेतात. पाणी नाही मिळाले तर आलेले फुटवे मरतात आणि बेट विरळ राहते. त्यात कोरड्या हवेला खोडकिडा आणि वाळवी यांचे फावते. हा ऊस यंदा गाळपाला येतच नाही. त्याचे नुकसान दिसते पुढच्या वर्षी, आणि तोवर आपण कोरडा हस्त विसरूनही गेलेलो असतो.

हे नुसते तर्काचे नाही. २०१८ साली परतीचा पाऊस असाच पळाला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. तरीही २०१८-१९ च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे १०७ लाख टन साखर झाली, कारण उभा ऊस आधीच तयार होता. पुढच्या, २०१९-२० च्या हंगामात ती सुमारे ६२ लाख टनांवर आली. यात ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीकडील महापुराचाही वाटा होता. परंतु दुष्काळी पट्ट्यात ऊस उन्हाळ्यातच वाळला होता, नाहीतर चारा म्हणून तोडून छावण्यांत गेला होता. काही कारखान्यांची धुराडी त्या वर्षी पेटलीच नाहीत.

ऊस छावणीत का गेला, तर कडबा नव्हता म्हणून. हे दुसरे टोक आहे आणि उसाचा विचार करताना आपण ते बाजूला ठेवतो. आपल्याकडे जनावरांचे वर्ष रब्बी ज्वारीच्या कडब्यावर चालते. ही ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरायची आणि काळ्या रानातल्या ओलीवर काढायची. हस्त कोरडा गेला की वाफसाच मिळत नाही. पेरली तर उगवण विरळ, आणि उगवली तर पुढे भेगा पडून ताटे वितभर राहतात. मालदांडीसारखे काटक वाणसुद्धा ओलीशिवाय काय करणार? कडबा शेकड्यावर विकला जातो. अशा वर्षी शेकड्याचा भाव ऐकून दावणीची जनावरे बाजारात निघतात, आणि सगळीच निघतात म्हणून त्यांना भाव नसतो.

म्हणून प्रश्न एकट्या उसाचा राहत नाही. विहिरीत जे पाणी आहे ते कुठे घालायचे, हा प्रश्न आहे. थोडे गणित करू. एका एकराला ८ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे सुमारे सव्वातीन लाख लिटर पाणी. ताशी तीस हजार लिटर टाकणारी मोटर असेल तर दहा-अकरा तास चालवावी लागते. ऑक्टोबरच्या उन्हात उसाला अशी पाळी दहा-बारा दिवसांनी हवी. उलट दहा गुंठे मका किंवा कडवळ भिजवायला तीच मोटर पावणेतीन तासांत मोकळी होते. आणि उभ्या रब्बी ज्वारीला पोटरीच्या वेळी, म्हणजे पेरणीपासून पन्नास-पंचावन्न दिवसांनी, एकच पाणी मिळाले तरी दाणा भरतो आणि कडबाही बांधता येतो. उसाची एक पाळी वाचवून ज्वारीला दिली तर घरात भाकरी आणि गोठ्यात वैरण दोन्ही येते.

कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहावे की नाही, याचा मी विचार केला. शेतकी खात्याचे काम ऊस वाढवण्याचे. पण विहीर मे महिन्यापर्यंत पुरणार नसेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण करू नये, हे मी स्पष्ट सांगतो. लागणीच्या दिवशी पाणी दिसते म्हणून बेणे घालायचे आणि एप्रिलात डोळ्यांदेखत जाळायचे, यात ना सभासदाचे भले ना कारखान्याचे. त्यापेक्षा चांगला खोडवा राखावा. त्याची मुळे आधीच रानात बसलेली असतात, मशागतीचा आणि बेण्याचा खर्च नाही, आणि नव्या लागणीपेक्षा तो ओढ जास्त सोसतो. एकच अट, पाचट जाळू नका. एकरी तीन-चार टन पाचट निघते. ते सरीत पसरून ठेवले तर ओल धरून राहते. काडी लावली की पाच मिनिटांत रान मोकळे दिसते खरे, पण तेवढ्यात दोन पाण्याच्या पाळ्या जळालेल्या असतात असे समजा.

उभ्या उसाला पाणी कमी असेल तर सगळ्या सऱ्या भरत बसू नये, एकाआड एक सरी भिजवावी. खालची वाळलेली पाने काढून सरीत टाकावीत. दर पंधरा-वीस दिवसांनी म्युरेट ऑफ पोटॅश आणि युरिया प्रत्येकी दोन टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात २००-२०० ग्रॅम, असे फवारावे, त्याने पीक ताण सोसते. ठिबक आहे त्यांना हे सांगायची गरज नाही.

तोडीच्या क्रमाबद्दल दोन शब्द. तोड लागणीच्या नोंदीच्या तारखेप्रमाणे व्हावी हा नियम चांगला आहे, त्याने वशिलेबाजीला आळा बसतो. परंतु कोरड्या वर्षी ज्या आडसालीची विहीर आटली आहे ती अगोदर तोडली तर त्या सभासदाचे वजन वाचते आणि उरलेले पाणी खोडव्याला मिळते. याची पाहणी गटवार, सर्वांसमक्ष, विहिरीवर जाऊन व्हावी असे माझे मत आहे. नुसत्या अर्जावर होऊ लागली तर कार्यक्षेत्रातल्या सगळ्याच विहिरी एका रात्रीत आटतील!

आता गोठ्याकडे येऊ. कोरड्या वर्षी पहिला धोका उपासमारीचा नसतो, विषबाधेचा असतो. पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी, किंवा कापून घेतल्यावर आलेले तिचे हिरवे फुटवे जनावरांनी खाल्ले की किराळ लागते. अशा ताटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. जनावर फुगते, तोंडाला फेस येतो, धाप लागते, आणि तास-दोन तासांत सगळे संपते. घरगुती उपायात वेळ घालवू नये, ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवावे, त्यावर इंजेक्शन आहे. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावर हा धोका कमी होतो, कापून नीट वाळवल्यानेही कमी होतो. "यंदा ज्वारी गेलीच, चरू द्या जनावरांना," असे म्हणून गुरे रानात सोडण्याची चूक मात्र करू नये.

दुसरे, वाढे. गाळप सुरू झाले की वाढ्यांवर सगळ्यांची भिस्त. परंपरेने ती तोडणी मजुरांची असतात. त्यांचे बैल त्यावर जगतात आणि उरलेली विकून त्यांचा रोजचा बाजार होतो. ज्या वर्षी आपला हस्त कोरडा जातो त्या वर्षी बीडकडचाही बहुधा कोरडाच गेलेला असतो, आणि माणसे घरदार बंद करून जास्त संख्येने येतात. वाढ्यांवरून फडात भांडणे होऊ नयेत, भाव आधी ठरवून घ्यावा. नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवले तर मात्र अंगातला चुना झिजतो, कारण वाढ्यात ऑक्झॅलेट असते आणि ते चुना बांधून टाकते. दूध घटते, गाय वेळेवर माजावर येत नाही. वाढे कुट्टी करून, त्यावर चुन्याची निवळी शिंपडून आणि कडब्यात मिसळून द्यावे. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रणही द्यावे.

वाळलेला निकृष्ट चारा असेल तर १०० किलो चाऱ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, दाबून झाकावा आणि २१ दिवसांनी उघडावा. वास उडाल्यावर थोडा थोडा सवयीने द्यावा. सहा महिन्यांच्या आतील वासरांना हा चारा देऊ नये, आणि युरियाचे पाणी जनावरांच्या तोंडी लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे. हिरवा मका असेल तर दाणा चिकात असताना कापून मुरघास करावा. तो दीड-दोन महिन्यांत तयार होतो आणि उन्हाळ्यापर्यंत टिकतो.

आबांनी हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग बेणं ठरवलंय दोन एकराचं, त्याचं काय करू?" मी म्हटले, आबा, गेल्या मे महिन्यात मोटर किती तास चालत होती ते आधी सांगा. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दीड तास." त्यांनी त्या वर्षी लागण केली नाही. पंधरा गुंठे मका टाकला आणि खोडव्यात पाचट ठेवले.