मुक्या जनावराची वेदना व तिचें निवारण

बैल ओरडत नाहीं, म्हणून त्यास दुखत नाहीं, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. तो खरा नाहीं. गाय, म्हैस, बैल यांचे पूर्वज श्वापदांचें भक्ष्य होते. कळपांत जें जनावर दुबळें दिसे तेंच प्रथम धरलें जाई. त्यामुळें वेदना झांकणें हा या जातीचा स्वभाव झाला. रवंथ थांबणें, दांत खाणें, पाठ कमानीसारखी वर काढणें, वैरणीस तोंड न लावणें, एवढीच त्यांची भाषा. नेसरीच्या भागांत बैल व म्हैस हें ज्यांचें भांडवल आहे, त्यांनीं ती शिकून घ्यावी असें आम्हांस वाटतें.

माणसाच्या शस्त्रक्रियेसाठीं ईथर 1846 सालीं व क्लोरोफॉर्म 1847 सालीं वापरांत आलें. मुंबईस पशुवैद्यकाचें महाविद्यालय 1886 सालीं निघालें. तरी खेड्यांत बैल बडवणें पिढ्यान्‌पिढ्या दोरखंड व मनगटाचें बळ यांवरच चाललें. पुढें बर्डिझोचा चिमटा आला. त्यानें रक्त निघत नाहीं, पण दुखणें चुकत नाहीं. 1943 सालीं स्वीडनमध्यें प्रथम तयार झालेल्या लिग्नोकेनाची सुई आधीं दिल्यास तो भाग बधिर होतो. बैलाच्या शिंगास कर्करोग झाल्यास शिंग मुळापासून काढावें लागतें. तेव्हां डोळ्याचा बाहेरचा कोपरा व शिंगाचें मूळ यांच्या मधोमध हीच सुई देतात. अडलेल्या गाईची सुटका करतांना किंवा मायांग आंत बसवितांना ती शेपटीच्या मुळाशीं देतात. जनावर उभेंच राहतें व कळा देत नाहीं.

उभें ठेवूनच काम करण्यास सबळ कारण आहे. रवंथ करणाऱ्या जनावरास पूर्ण बेशुद्ध करून आडवें पाडलें, तर पोटांत वायु सांठतो, आणि पोटांतील चारा घशाशीं येऊन फुप्फुसांत उतरण्याचा धोका असतो. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीं वैद्य वैरण व पाणी तोडण्यास सांगतात. दया येऊन रात्रीं गुपचूप पेंड घालूं नये. झायलाझिन या गुंगीच्या औषधाचें प्रमाण गाई-बैलांस घोड्याच्या सुमारें एक-दशांशच पुरतें, आणि गाभण जनावराच्या शेवटच्या महिन्यांत तें टाळतात. असलीं औषधें ऐकीव माहितीवर देणें म्हणजे जनावर गमावणें होय.

शस्त्रक्रियेनंतरचें दुखणें शमविण्यासही औषध लागतें. वेदनेंतील जनावर खात नाहीं व लवकर सांवरत नाहीं. येथें डायक्लोफिनॅकचा इतिहास ध्यानांत ठेवावा. तें दिलेल्या जनावराचें शव खाऊन गिधाडें मूत्रपिंड बिघडून मरतात, हें 2004 सालीं सिद्ध झालें. भारत सरकारनें जनावरांसाठीं त्याचा वापर 2006 सालीं बंद केला. किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक यांवर 2023 सालीं बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांस निर्धोक ठरलें आहे.

तेव्हां आमच्या बंधूंनीं पशुवैद्यास तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: शस्त्र लावण्यापूर्वीं भाग बधिर करणार काय, नंतर वेदनेवर कोणतें औषध देणार, आणि त्या औषधानंतर दूध किती दिवस वर्ज्य करावें. सुईचा खर्च बैलाच्या किमतीपुढें कांहींच नाहीं.