पाटीवरच्या नावाखाली काय हवे?

दवाखान्यात आपण फी विचारतो, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर हेही विचारतो. पण डॉक्टरांचे शिक्षण विचारायला जीभ रेटत नाही. तो त्यांचा अपमान ठरेल असे वाटते. खरे तर रुग्णाला हे विचारण्याची वेळच येऊ नये. ही माहिती आपणहून देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

गैरसमज : पदवी आणि नोंदणी जाहीर करणे डॉक्टरांच्या मर्जीवर आहे.

मुळीच नाही. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना २००२ ची व्यावसायिक आचारसंहिता लागू आहे. (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली आणली, पण त्याच महिन्यात ती स्थगित केली.) या संहितेनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा लागतो, शिवाय प्रत्येक चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशांच्या पावतीवर तो असावा लागतो. पाटीचा मजकूरही ठरलेला आहे : नाव, विद्यापीठाची किंवा वैधानिक संस्थेची पदवी, विशेष शाखा, नोंदणी क्रमांक आणि तो देणाऱ्या परिषदेचे नाव. जे पाटीवर तेच चिठ्ठीवर. औषधाच्या दुकानावर डॉक्टरांनी स्वतःची पाटी लावणेही या संहितेला मान्य नाही.

गैरसमज : नावाआधी 'डॉ.' आहे, म्हणजे कोणताही उपचार चालतो.

सर्वांत घातक समज हाच. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस हे सगळेच 'डॉ.' लावतात, पण त्यांचे शिक्षण वेगळे आणि नोंदणी करणाऱ्या परिषदाही वेगळ्या. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे ॲलोपॅथीचे डॉक्टर, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे आयुर्वेद व युनानीचे. होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा स्वतंत्र.

हा फरक जिवावर कसा बेततो, ते मुंबईतल्या एका प्रकरणात दिसले. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरांनी तापाच्या रुग्णाला आधी विषाणुजन्य ताप आणि मग टायफॉइड समजून ॲलोपॅथीची औषधे दिली. १९९२ मध्ये तो रुग्ण दगावला. त्याच्या पत्नीने दाद मागितली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला तीन लाख रुपयांची भरपाई देवविली. ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणारा भोंदूच ठरतो, असे न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट म्हटले.

महाराष्ट्रात पुढे कायद्याने आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांना काही अटींवर आधुनिक औषधे देण्याची मुभा मिळाली आहे. तिच्यावरून वादही झडले आहेत. पण वाद कसाही सुटो, समोरच्या डॉक्टरांचे शिक्षण कोणत्या पद्धतीचे हे रुग्णाला कळलेच पाहिजे.

गैरसमज : नावापुढे जितकी अक्षरे जास्त, तितके डॉक्टर मोठे.

अक्षरे मोजू नका, वाचा. एम.डी. मेडिसिन आणि एम.डी. आयुर्वेद या दोन्ही खऱ्या पदव्या आहेत, पण एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. कुठे कुठे 'एम.डी. (ए.एम.)' असे दिसते; ही 'पर्यायी वैद्यका'ची पदवी वैद्यक परिषदेच्या मान्यताप्राप्त पदव्यांत नाही. त्या शाखेची विशेष पात्रता नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवणे आचारसंहितेने निषिद्ध ठरवले आहे.

गैरसमज : एकदा नोंदणी झाली की जन्मभराची.

महाराष्ट्रात ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुण जमवावे लागतात.

गैरसमज : मोठ्या रुग्णालयात हे विचारायचे कारणच नाही.

तिथे तर जास्तच आहे. रात्री तपासून गेले ते कोण, सकाळी सही करणारे कोण, हे नातेवाइकांना अनेकदा माहीत नसते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेनुसार सेवा देणाऱ्या प्रत्येकाची ओळख व व्यावसायिक दर्जा आणि उपचारांची मुख्य जबाबदारी कोणावर आहे, हे जाणण्याचा हक्क रुग्णाला आहे.

पडताळणी सोपी आहे. संबंधित परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक घालून शोधा. नोंदणी सापडली नाही तर त्या परिषदेकडे, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करा. नोंदणीशिवाय ॲलोपॅथीचा व्यवसाय करणाऱ्याला २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. घरातल्या फायलीतल्या चिठ्ठ्या आजच काढून बघा, आणि क्रमांक नसेल तर पुढच्या भेटीत तो निःसंकोच मागा.