वॉर्डातली सिस्टर फळ्यासमोर उभी राहते तेव्हा

आपल्या वस्त्यांतून नर्सिंगला गेलेल्या मुली आता पुष्कळ आहेत. कुणी सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका आहे, कुणी खाजगी इस्पितळात रात्रपाळ्या काढते. पण या मुलींना शिकवणाऱ्या बाई आपल्यातल्या किती? हा प्रश्न घरात बोलला जात नाही. नोकरी लागली म्हणजे शिक्षण संपले, असे आपण धरून चालतो.

नर्सिंग कॉलेजात अधिव्याख्याता व्हायचे तर एम.एस्सी. नर्सिंग लागते. आपल्या देशात हे शिक्षण १९५९ साली दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात सुरू झाले. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. प्रवेशाला बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी., त्यात ५५ टक्के गुण, परिचर्या परिषदेची नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव हवा. अनुसूचित जातींना गुणांत ५ टक्के सूट आहे. जी.एन.एम. झालेल्या सिस्टरला आधी दोन वर्षांचे पोस्ट बेसिक करावे लागते, म्हणजे तिची एकूण चार वर्षे जातात. लेकरंबाळं असलेल्या बाईला ही चार वर्षे फार मोठी असतात, हे खरेच.

पहिल्या वर्षी ‘नर्सिंग एज्युकेशन’ हा विषय येतो आणि तिथेच खरी गंमत आहे. १५० तास वर्गात, १५० तास प्रत्यक्ष. दहा वर्षे सलाईन लावणारा हात इथे अडखळतो. कारण स्वतः शीर शोधणे वेगळे आणि थरथरणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला ती शोधायला शिकवणे वेगळे. डी.एड.च्या मुलींसारखे पाठ टाचण काढावे लागते: या तासाला मुलींना नेमके काय आले पाहिजे, सुरुवात कशाने, कोणता तक्ता, शेवटी कोणते प्रश्न. मग सूक्ष्म अध्यापन. पाच-दहा मिनिटांचा लहानसा पाठ आपल्याच सोबतिणींसमोर घ्यायचा. एकदा फक्त प्रश्न विचारण्याचे कौशल्य, एकदा फक्त उदाहरण देण्याचे. सोबतिणी चुका सांगतात, आणि तोच पाठ पुन्हा घ्यायचा. सुरुवातीला लाज वाटते. भीड मोडते ती इथेच.

परीक्षा कशी घ्यायची हेही शिकावे लागते. मुलीने इंजेक्शन बरे दिले की वाईट, हे बाईंच्या मर्जीवर राहू नये म्हणून कृतीच्या प्रत्येक पायरीची यादी करतात: हात धुतले का, रुग्णाचे नाव विचारले का, औषध ताडून पाहिले का. प्रत्येक पायरीला गुण. तोंड पाहून गुण देण्याची खोड ज्यांनी सोसली आहे, त्यांना या यादीचे मोल वेगळे सांगायला नको.

सोबत संशोधन आणि संख्याशास्त्र, आणि एक विशेष शाखा: प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य किंवा मेडिकल-सर्जिकल. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन आणि प्रबंध. वॉर्डातले काम सुटत नाही. विशेष शाखेचे दोन वर्षांत १६०० तास प्रत्यक्षाचे आहेत. ज्यांना वाटते की शिकवणारी बाई रुग्णापासून सुटली, त्यांनी हा आकडा पाहावा.

इंग्रजीचा बाऊ मात्र फार होतो. पुस्तके इंग्रजीत आहेत आणि पेपरही. पण जी बाई रोज इंग्रजीत रिपोर्ट लिहिते आणि डॉक्टरांच्या ऑर्डरी वाचते, तिचे अर्धे अंतर कापून झालेले असते.

आता पैशाचे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यावर गेले तर फ्रीशिप पाहावी. बौद्ध भगिनींनी जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. ऐनवेळी समितीच्या पायऱ्या झिजवताना जागा हातची जाते. सवलत हवी तर प्रवेश सरकारी फेरीतूनच घ्या. मॅनेजमेंटच्या कोट्यात ती मिळत नाही आणि तिथली फी पगारदार घरालाही झेपत नाही. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहावे, नंतर नव्हे. आणि नोकरीत असाल तर अध्ययन रजेचा अर्ज प्रवेशाच्या आधीच मेट्रनबाईंकडे देऊन त्याची पोच घ्यावी.