जुनी विलायती मोटार घेतांना

रविवारीं सकाळीं पुण्याचा चांदणी चौक ओलांडून पश्चिमेकडे निघालेल्या मोटारींची रांग पाहिली, तर त्यांत दोन प्रकारचीं माणसें आढळतात. एकाला पांच माणसें, दोन पेट्या, आजीची घडीची खुर्ची आणि मुलांचा खाऊ एवढें सारें पोटांत घेणारी गाडी हवी असते. दुसऱ्याला घाटाचें वळण संपतांच झेप घेणारी गाडी हवी असते. पुष्कळदां हीं दोन्ही माणसें एकाच देहांत वास करतात! अशा गृहस्थासाठींच युरोपांतील कारखानदारांनीं बाहेरून साधी, संसारी दिसणारी, परंतु आंत बलवान् इंजिन असलेली मोटार काढली. नवी घ्यावयाची तर तिची किंमत मध्यम स्थितीच्या कुटुंबाला पेलत नाहीं. म्हणून दृष्टि जुन्या गाडीकडे वळते. हा व्यवहार डोळसपणें केला तर त्यासारखा फायद्याचा सौदा नाहीं, आणि डोळे मिटून केला तर त्यासारखा खड्डा नाहीं.

विलायती मोटार वापरण्याची हौस आपल्याकडे नवी नव्हे. फोर्ड कंपनीनें १९२६ सालीं हिंदुस्थानांत आपली शाखा उघडली. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें सुटे भाग जोडण्याचा कारखाना घातला. शेठ वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी १९४४ सालीं निघाली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि कित्येक दशकें दोनतीन जातींच्या मोटारींवरच लोकांना समाधान मानावें लागलें. हें चित्र शतकाच्या अखेरीस पालटूं लागलें. २००१ सालीं स्कोडा कंपनीनें औरंगाबादजवळ, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराजवळ, शेंद्रा येथें मोटारी जोडण्यास प्रारंभ केला. त्यांतील ऑक्टेव्हिया या गाडीचा ‘आर.एस.’ नांवाचा जोमदार अवतार २००४ सालीं आला. त्याचें टर्बो इंजिन १५० अश्वशक्तीचें होतें. २०१७ सालीं २३० अश्वशक्तीची गाडी २४.६२ लाख रुपयांस निघाली. २०२० सालीं २४५ अश्वशक्तीच्या अवघ्या २०० गाड्या परदेशांतून तयार होऊन आल्या. त्यांची किंमत ३५.९९ लाख होती. २०२५ सालीं आलेल्या १०० गाड्यांची किंमत तर पन्नास लाखांच्या घरांत गेली. मागच्या बाजूस सुमारें सहाशे लिटरांची सामानाची जागा, आणि तरीहि सात सेकंदांच्या आंत ताशीं शंभर किलोमीटरांची गति, असा हा मेळ आहे. या जातीच्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक कां असतें, हें यावरून ध्यानांत येईल.

येथें एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. परदेशांत वापरलेली गाडी सरसकट येथें आणतां येत नाहीं. ती तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचें सुकाणूं उजव्या हातास असावें आणि ती मुंबई बंदरांतच उतरावी, असे नियम आहेत. शिवाय जकात इतकी पडते कीं मूळ किंमत दुपटीच्याहि पुढें जाते. म्हणून जुनी विलायती मोटार म्हणजे व्यवहारांत, नवी असतांनाच कायदेशीर मार्गानें येथें आलेली आणि येथेंच पहिली नोंदणी झालेली मोटार. ही मर्यादा ओलांडून कोणी ‘स्वस्तांत’ गाडी देऊं लागला, तर सावध व्हावें. २०२५ च्या सप्टेंबरांत केरळांत जकात खात्यानें भूतानमार्गें चोरून आणल्याच्या संशयावरून अनेक मोटारी ताब्यांत घेतल्या. अशा वेळीं ज्याच्या अंगणांत गाडी उभी असते, त्याच्या गळ्याशीं फास येतो. ती पूर्वीं कोणीं आणली हें सांगून गाडी परत मिळत नाहीं. म्हणून संपूर्ण तयार होऊन आलेल्या गाडीच्या बाबतींत जकात भरल्याचा दाखला, म्हणजे ‘बिल ऑफ एंट्री’, पाहिल्याखेरीज बयाणा देऊं नये.

मग उरलेलीं कागदपत्रें. नोंदणीच्या पुस्तकांतील इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशीं अक्षरशः ताडून पहावा. गाडीवर कर्ज असेल तर तें फिटल्याचा नमुना ३५ हवा. गाडी दुसऱ्या प्रांतांतील असेल तर नमुना २८ चा नाहरकत दाखला हवा, आणि महाराष्ट्राचा कर निराळा भरावा लागेल हें आधींच हिशेबांत धरावें. मालकी बदलण्यासाठीं नमुने २९ व ३० आहेत. एकाच राज्यांतील व्यवहारांत विकणाऱ्यानें १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावें, असा १९८८ च्या कायद्याचा दंडक आहे. विमा कंपनीलाहि चौदा दिवसांत कळवावें लागतें. ‘नांव मागाहून चढवूं’ या सबबीवर पुष्कळ मैत्र्या तुटलेल्या आहेत.

कागदांनंतर पाण्याचा विचार करावा. २५ जुलै २०२४ रोजीं घाटमाथ्यावर तुफान पाऊस कोसळला, खडकवासल्यांतून पाणी सोडावें लागलें आणि पुण्यांत सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत घरांबरोबर मोटारीहि बुडाल्या. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हांहि असेंच झालें. बुडालेली गाडी धुऊन, पुसून, अत्तर शिंपडून बाजारांत येऊं शकते. परंतु पाणी आपल्या खुणा ठेवून जातें. सुरक्षेचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पहावा. त्याच्या तळाशीं गाळाची रेघ आढळते. जादा चाक ठेवण्याच्या खळग्यांत गंज, गालिच्याखालीं कुबट वास, दिव्यांच्या कांचेच्या आंत बाष्प, हीं दुसरीं चिन्हें. नव्या मोटारींत यंत्रांना आज्ञा देणारीं विजेचीं पेटकीं डझनावारी असतात. त्यांना एकदां ओल लागली कीं आज दरवाजा, उद्यां गिअर, परवां ब्रेक, असा त्रास वर्षानुवर्षें पाठ सोडत नाहीं. अशी गाडी फुकट मिळाली तरी महागच.

इंजिनाची परीक्षा थंड स्थितींत सुरू करावी. विकणाऱ्यानें तें आधींच तापवून ठेवलें असेल तर दुसऱ्या दिवशीं पुनः जावें. पहिल्या क्षणीं खडखडाट ऐकूं आला तर कालसांखळीचा ताण सैल झाला असल्याची शंका घ्यावी. धुराचा रंगहि बोलका असतो. निळसर धूर म्हणजे तेल जळतें आहे. गाडी तापल्यावरहि न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे थंडाव्याचें पाणी सिलिंडरांत शिरतें आहे. टर्बो म्हणजे धुराड्यांतून जाणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारा पंखा; तो मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याचें सारें आयुष्य स्वच्छ तेलावर अवलंबून असतें. म्हणून तेल बदलल्याच्या पावत्या या गाडीच्या जन्मपत्रिकेइतक्या महत्त्वाच्या होत. शेवटीं परीक्षक यंत्र जोडून गाडीच्या स्मरणांतील दोष वाचावेत. तेथें एकहि दोष नसून अंतर्गत चांचण्या अपुऱ्या दिसल्या, तर सर्व दोष नुकतेच पुसून टाकले असल्याचा संभव असतो.

एवढें झाल्यावर गाडी रस्त्यावर काढावी; आणि पुण्याच्या माणसाला याकरितां लवाशाच्या रस्त्यासारखी दुसरी कसोटी नाहीं. मुळशी तालुक्यांत, वरसगांव धरणाच्या जलाशयाकांठीं वसवूं घातलेलें हें नगर पुण्यापासून सुमारें साठ किलोमीटरांवर आहे. त्याची उभारणी अर्धवट राहिली आणि २०१८ सालीं त्याची कंपनी दिवाळखोरीच्या कामकाजांत गेली. तथापि तेथवर जाणारा घाटाचा रस्ता मोटारवाल्यांचा आवडता राहिला आहे.

या वाटेवर तीन परीक्षा ओळीनें होतात. पहिली भुगांव, भुकूम, पिरंगुट या गर्दीच्या टापूंत. गाडी मुंगीच्या पावलांनीं सरकत असतां दुहेरी क्लचची स्वयंचलित गिअरपेटी हिसके देते काय, आणि थंडाव्याचा पंखा वेळेवर फिरतो काय, हें तेथें कळतें. पिरंगुटाहून वळून मुठा खोऱ्यांतून टेमघर धरणापाशीं आलें कीं चढण लागते. ही दुसरी परीक्षा. भरल्या गाडीनें चढतांना उष्णतेचा कांटा आपली जागा सोडतां कामा नये. इंजिनाचे फेरे वाढले पण गति वाढली नाहीं, तर क्लच घसरतो आहे असें समजावें. तिसरी आणि सर्वांत मोठी परीक्षा उतारावर. माणसें व सामान धरून दीड टनाहून जड झालेल्या गाडीची सारी गति ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता होऊन जिरते. ब्रेकचें तेल जुनें असेल तर त्यानें हवेंतील ओल शोषलेली असते. तापतांच त्या ओलीची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचें पेडल मऊ पडून खालीं जाऊं लागतें. सुकाणूं थरथरलें तर तबकड्या वांकड्या झाल्या असाव्यात.

जलाशयाकांठीं पोंचल्यावर दहा मिनिटें थांबावें, झांकण उघडून जळकट वास येतो काय, खालीं थेंब पडतो काय तें पहावें, आणि तापल्या इंजिनावर गाडी पुनः सुरू करावी. ही फेरी एकट्यानें करूं नये. मागच्या बैठकीवर घरांतील वडील माणूस बसवावें. मागचे धक्काशोषक दमले असतील तर त्याचा दाखला कोणत्याहि मिस्त्रीआधीं आजीची कंबर देईल. मात्र ही परीक्षा गाडीच्या प्रकृतीची आहे, वेगाची नव्हे. आणि ती विकणाऱ्याच्या संमतीनें, विमा चालू असतांनाच करावी.

गाडी पसंत पडली तरी सर्व पैसा किंमतींत घालूं नये. हातांत दहा भाग असतील तर सातआठ भागांची गाडी घ्यावी आणि उरलेले दोनतीन भाग दुरुस्तीसाठीं राखावे. दुरुस्तीचा क्रमहि ठरलेला असावा. प्रथम गाडीला थांबविणाऱ्या वस्तु: टायर, ब्रेकच्या पट्ट्या, तबकड्या, आणि दर दोन वर्षांनीं ब्रेकचें तेल. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी शाबूत दिसली तरी सहासात वर्षांचें रबर पावसाळी घाटांत भरंवशाचें नसतें. दुसऱ्या क्रमानें गाडीला थंड ठेवणाऱ्या वस्तु: पाण्याचा पंप, थर्मोस्टॅटची प्लॅस्टिकची पेटी, रबरी नळ्या. तिसऱ्या क्रमानें वंगणें: इंजिनाचें तेल, आणि ओल्या क्लचच्या गिअरपेटीचें तेल सुमारें ६० हजार किलोमीटरांनीं. थेट सिलिंडरांत पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत झडपांवर काजळी सांचते. ती अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानें मारून काढतात. त्यानंतर धक्काशोषक व रबरी बुशी. रंग, चाकांची झळाळी आणि संगीताचें यंत्र सर्वांत शेवटीं.

सुटे भाग ही या गाड्यांची खरी अडचण. तथापि ऑक्टेव्हियाचें इंजिन, गिअर व पुष्कळसे सांधे फोक्सवॅगन आणि ऑडी या भावंडांशीं समान आहेत. म्हणून नांवाऐवजीं भागाच्या क्रमांकावरून शोध घेतला तर पुण्याच्या नाना पेठेंत वा मुंबईच्या कुर्ल्यांत काम होण्याचा संभव वाढतो. मात्र ब्रेक, सुकाणूं आणि सुरक्षेच्या हवापिशव्या यांचे भाग जुने घेऊं नयेत. इंधनाचाहि विचार हवा. २०२३ पूर्वींच्या बहुतेक गाड्या दहा टक्के इथेनॉलच्या हिशेबानें घडविल्या होत्या, आणि आतां पंपांवर वीस टक्क्यांचें पेट्रोल मिळतें. म्हणून गाडीची पुस्तिका वाचावी आणि इंधनाच्या जुन्या नळ्या तपासून घ्याव्या.

एक मोह मात्र टाळला पाहिजे. इंजिनाची आज्ञावली बदलून आणखी पन्नास अश्वशक्ति काढून देणारे कारागीर आज मोठ्या शहरांत आहेत. परंतु वाढलेली शक्ति क्लचला, गिअरला आणि ब्रेकला सोसावी लागते. त्यांची डागडुजी न करतां ती वाढविणें म्हणजे जुन्या भिंतींवर नवा मजला चढविणें होय. शिवाय कारखान्याच्या मूळ नमुन्याहून नोंदणीचे तपशील बदलतील असे फेरफार कायद्याला मंजूर नाहींत. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें हेंच सांगितलें. अपघाताच्या वेळीं विमा कंपनी हा प्रश्न प्रथम विचारते.

नवी गाडी घेणारा वेग विकत घेतो; जुनी घेणारा पूर्वीच्या मालकाच्या संवयी विकत घेतो. त्या संवयी चांगल्या होत्या कीं नाहीं, याचा निवाडा दुकानाच्या दिव्यांखालीं होत नाहीं; तो टेमघरच्या चढणीवर आणि दासव्याच्या उतारावर होतो. ज्यानें आधीं थांबण्याची, मग थंड राहण्याची आणि मगच धांवण्याची तजवीज केली, त्याच्या गाडींत मागें बसलेलीं माणसें घाटांतहि निवांत झोंपी जातात. बलवान् इंजिनाची खरी किंमत त्या झोंपेंत आहे.