करकरणारी बी.बी., अडकणारे हँडल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आंबेगाव तालुक्यातल्या पारगावात भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागोमाग शेतातली मातीही डांबरावर येते. त्यात पाटाचे पाणी मिसळले की चिखल होतो, आणि तो चाकावरून उडून शाळेच्या सायकलींच्या सांध्यासांध्यांत जाऊन बसतो. शेजारच्या जुन्नरमधल्या पारगाव तर्फे आळे इथेही रस्त्यांची कथा फारशी वेगळी नाही. पावसाळ्यात माळशेजकडे किंवा मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे निघालेल्या पुणेकरांच्या गिअरच्या सायकलीही हाच चिखल-पाण्याचा मार खातात.

या दोन्ही तऱ्हेच्या सायकलींच्या किमतीत मोठे अंतर असले, तरी त्यांची दुखणी दोन जागी सारखीच असतात. एक बी.बी., म्हणजे क्रँक ज्यावर फिरतात तो दांडा, त्याच्या वाट्या आणि छर्रे. दुसरी फोर्क फिटिंग, म्हणजे हँडल आणि चिमटा ज्यांवर वळतो ती बेअरिंग. या दोन्ही वस्तू बदलायची वेळ आली की गिऱ्हाईक टिकाऊ माल मागते, आणि टिकाऊपणाविषयीचे बरेचसे समज तिथेच आडवे येतात.

गैरसमज : पायडल मारताना करकर आली म्हणजे बी.बी. गेली.

वस्तुस्थिती : आवाज फ्रेमच्या नळ्यांतून प्रवास करतो, त्यामुळे तो कुठून येतो याचा अंदाज कानाला नीट येत नाही. पायडलचे कोरडे आटे, चेनव्हीलचे ढिले बोल्ट, सीटचा क्लॅम्प किंवा सीटचा खांब यांपैकी कशाचीही करकर बी.बी.च्या माथी मारली जाते. उभे राहून पायडल मारल्यावर आवाज थांबला, तर दोष बहुधा सीटकडे आहे. बी.बी.ची खरी परीक्षा साधी आहे. चेन उतरवावी, क्रँक हाताने हलकेच फिरवावी, मग दोन्ही क्रँक धरून आडव्या दिशेने हलवून पाहाव्यात. फिरताना खरखर लागली किंवा आडवा खेळ जाणवला, तरच पान्हा उचलावा.

गैरसमज : जुन्या बी.बी.शेजारी नवी धरून नजरेने जुळवली की पुरे.

वस्तुस्थिती : नव्या बी.बी. लवकर बाद होण्यामागे चुकीचे माप हे मोठे कारण असते. सर्वांत जास्त चालणारे ब्रिटिश आटे १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ असतात. इटालियन आट्यांचा व्यास ३६ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर अधिक. फ्रेमच्या ज्या आडव्या नळीत बी.बी. बसते तिची रुंदी रस्त्यावरच्या गिअरच्या सायकलींत बहुधा ६८ मिलिमीटर असते, तर डोंगरी सायकलींत ७३ मिलिमीटरही आढळते. दांड्याची लांबी ११०, ११३, ११८, १२२.५ अशी बदलत जाते. ती चुकली की चेन तिरकी धावते, आणि झीज चेनपासून दातेरी चक्रांपर्यंत सगळीकडे पसरते.

चौकोनी टोकाच्या दांड्यांत आणखी एक मेख आहे. जपानी आणि आंतरराष्ट्रीय मानकांच्या दांड्यांचा उतार सारखाच असला, तरी टोकाची जाडी वेगळी असते. आंतरराष्ट्रीय मापाची क्रँक जपानी दांड्यावर चढवली, तर ती सुमारे साडेचार मिलिमीटर बाहेर राहते. तेवढ्याने पकड अपुरी पडते आणि क्रँकचे चौकोनी भोक हळूहळू गोलावत जाते. व्हर्निअर कॅलिपरने माप घ्यायला पाच मिनिटे लागतात. क्रँक वाया गेली तर खर्च बी.बी.च्या कितीतरी पट होतो.

गैरसमज : उजवीकडची वाटी निघत नाही म्हणजे गंजली, हातोडा घाला.

वस्तुस्थिती : ब्रिटिश आट्यांच्या सायकलीत चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते. नेहमीच्या सवयीने डावीकडे फिरवलेला पान्हा ती सोडवत नाही, आणखी आवळतो. पुढे छिन्नी-हातोडा चालला की फ्रेमचे आटेच जातात, मग बी.बी. कितीही भारी आणली तरी तिला धरायला जागा उरत नाही.

उलट्या आट्यांमागचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. वाटी आणि फ्रेम यांच्या आट्यांत केसाएवढी फट राहतेच. पायडलचा दाब वाटीभोवती गोल फिरत राहिला की वाटी त्या फटीत दांड्याच्या उलट दिशेने कणाकणाने सरकते. आटे उलटे असल्यामुळे हे सरकणे तिला ढिले न करता घट्ट करते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात तेही याच कारणाने. इटालियन मापात दोन्ही वाट्या सुलट्या आट्यांच्या असतात, म्हणून तिथे उजवी वाटी सैल होण्याची तक्रार जुनीच आहे.

लक्षात ठेवायला एक खूण पुरते. ब्रिटिश आट्यांच्या सायकलीत पान्ह्याचा दांडा वर उभा धरून पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही बाजूंच्या वाट्या सुटतात.

गैरसमज : सीलबंद बेअरिंगमध्ये पाणी शिरत नाही.

वस्तुस्थिती : बेअरिंगचे रबरी सील धूळ आणि शिंतोडे अडवते, दाबाचे पाणी अडवत नाही. ट्रॅक्टर आणि मोटारसायकली धुणाऱ्या वॉशिंग सेंटरवर सायकल नेऊन बी.बी.वर प्रेशरचा फवारा मारला की पाणी सीलच्या कडेतून आत जाते आणि ग्रीसचे पांढरट लोणी होते. दांडा फिरत राहतो, म्हणून काही दिवस काहीच कळत नाही. खरखर जाणवते तेव्हा छर्ऱ्यांच्या वाटेवर गंजाचे खड्डे पडलेले असतात. बादलीभर पाणी आणि ब्रश एवढ्यावर धुणे भागते.

पाण्याची दुसरी वाट वरून आहे. सीटच्या खांबाशेजारच्या खाचेतून पावसाचे पाणी नळीत उतरते आणि थेट बी.बी.च्या पोकळीत साचते. अनेक फ्रेमना त्यासाठी खाली बारीक छिद्र ठेवलेले असते. ते चिखलाने बुजले की बी.बी. आतून भिजत राहते. बी.बी. बदलताना या छिद्रात तार घालून ते मोकळे करणे हे तिचे आयुष्य वाढवण्याचे सगळ्यांत स्वस्त काम आहे.

गैरसमज : सर्वांत महाग, म्हणजे सिरॅमिकची, सर्वांत टिकाऊ.

वस्तुस्थिती : बाजारातल्या बहुतेक सिरॅमिक बेअरिंगमध्ये छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे असले, तरी ते धावतात त्या कड्या पोलादीच असतात. छर्रा गंजत नाही, कडी गंजते. शिवाय सायकलची क्रँक मिनिटाला ८० ते ९० फेऱ्यांच्या आसपास फिरते. यंत्रांच्या जगात हा वेग अगदी किरकोळ असल्याने घर्षणातली बचतही किरकोळच. अचूकतेच्या दर्जाचे आकडे पाहून बेअरिंग निवडण्याचेही तेच. ते आकडे मापातली अचूकता सांगतात, चिखलातला टिकाव सांगत नाहीत.

नवी म्हणून दाबून बसवायची बी.बी. अधिक चांगली, असेही मानले जाते. कॅननडेल या सायकल कंपनीने २००० साली आणलेल्या बी.बी. ३० पासून ही पद्धत पसरली. पण फ्रेमचे भोक थोडेसे जरी वाकडे असले, तरी ती करकरते. २०२० च्या टारमॅक एस.एल. ७ या शर्यतीच्या सायकलीत स्पेशलाइज्डने पुन्हा आट्यांची बी.बी. बसवली.

गैरसमज : हँडल मधोमध अडकते, कारण खड्ड्यांनी छर्रे ठोकले गेले.

वस्तुस्थिती : सरळ धरलेले हँडल खाचेत बसल्यासारखे अडकणे हे फोर्क फिटिंग बाद झाल्याचे ओळखीचे लक्षण आहे. दोष मात्र एकट्या खड्ड्यांचा नसतो. सरळ रस्त्यावर छर्रे तासन्‌तास एकाच जागी उभे राहतात आणि चिमट्याच्या लवचिकपणामुळे तिथल्या तिथे सूक्ष्म डुलतात. ग्रीस हळूहळू त्या जागेवरून सरकते, धातूला धातू घासतो आणि कण निघून खळगे पडतात. अमेरिकन अभियंता जॉब्स्ट ब्रँट यांनी सायकलींच्या बाबतीत हे कारण आग्रहाने मांडले. याचा अनुभव मोटार उद्योगाला आधीच आला होता. रेल्वेने लांबवर पाठवलेल्या नव्या गाड्या जागच्या हलल्या नाहीत, तरी प्रवासातल्या थरथरीने त्यांच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये असेच खळगे पडत.

म्हणून वाटी किती जाड आहे यापेक्षा तिच्यात ग्रीस टिकते का, हे पाहावे. सर्वाधिक सोसते ती खालची वाटी, कारण पुढच्या चाकाचा चिखल थेट तिच्यावर उडतो. इथेही मापाचा घोटाळा होतोच. एक इंची फिटिंगमध्ये चिमट्यावरच्या कडीचे माप २६.४ किंवा २७ मिलिमीटर असते. ०.६ मिलिमीटरच्या या फरकामुळे कडी एकतर सैल बसते किंवा ठोकून चढवावी लागते.

गैरसमज : हँडलच्या वरचा बोल्ट जितका आवळाल तितके हँडल पक्के.

वस्तुस्थिती : आट्यांविना येणाऱ्या आधुनिक फिटिंगमध्ये वरचा बोल्ट फक्त बेअरिंगवरचा दाब ठरवतो, हँडल पकडून ठेवतात ते स्टेमचे, म्हणजे हँडलला चिमट्याशी जोडणाऱ्या भागाचे, बाजूचे बोल्ट. आधी बाजूचे सैल करावेत, मग खेळ जाईपर्यंतच वरचा आवळावा आणि शेवटी बाजूचे घट्ट करावेत. जास्त आवळलेली फिटिंग जड फिरते आणि लवकर खळगे धरते. ढिली असेल तर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवताना खालच्या सांध्यावर ठेवलेल्या बोटाला ती टकटक जाणवते.

शाळेच्या साध्या सायकलीला सुट्या छर्ऱ्यांची बी.बी. आजही चांगली साथ देते. पाव इंची छर्रे प्रत्येक बाजूला सुटे बसवले तर ११ मावतात, पिंजऱ्यात त्याहून कमी. ट्रॅक्टरसाठी घरात असलेले ए.पी. ३ लिथियम ग्रीस तिला चालते. रॉकेलने धुऊन नुसते तेल सोडले, तर ते काही दिवसांत खाली गळून जाते. पावसाळ्याआधी आणि पावसाळा सरल्यावर एकेकदा उघडून ओव्हरऑइल करायची तयारी नसेल, तर चौकोनी दांड्याची सीलबंद बी.बी. घ्यावी. दुकानात जाताना जुना दांडा, दोन्ही वाट्या आणि चिमट्यावरची कडी सोबत न्यावी, आणि त्याच फेरीत पुढच्या चाकाला खालपर्यंत येणारे मडगार्ड बसवून घ्यावे.